हार्ड डिस्क 'रीड एरर' देतेय? रिपेअरचं बटण दाबण्याआधी हे वाचा

लग्नाच्या फोटोंचा फोल्डर उघडला. पहिले चाळीस-पन्नास फोटो झरझर दिसले आणि मग एका फोटोवर कॉम्प्युटर अडकला. कर्सरचं गोल चक्र फिरतंय, फिरतंय आणि शेवटी स्क्रीनवर मेसेज आला, 'डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक'. कधी मेसेज वेगळा असतो. 'फाइल वाचता येत नाही', 'डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा' किंवा थेट काळा पडदा आणि 'डिस्क रीड एरर'.

आता बहुतेक घरांमध्ये काय होतं? आधी कॉम्प्युटर चार-पाच वेळा बंद-चालू केला जातो. मग यूट्यूबवर बघून रिपेअरची कमांड रात्रभर चालवली जाते. तेवढ्यानेही भागलं नाही, तर कोणीतरी म्हणतं, "फॉरमॅट मार, होईल नीट."

गंमत म्हणजे फॉरमॅट मारल्यावर डिस्क खरंच नीट झाल्यासारखी वाटते. फक्त फोटो गेलेले असतात.

म्हणून या सगळ्या प्रकरणात एकच गोष्ट लक्षात ठेवायची. क्रम महत्त्वाचा आहे. आधी कॉपी, मग तपासणी आणि दुरुस्ती सगळ्यात शेवटी. असं का, ते समजून घ्यायचं तर डिस्कच्या आत काय चालतं ते थोडक्यात बघावं लागेल.

रीड एरर म्हणजे नेमकं काय?

हार्ड डिस्कच्या आत गोल, चकचकीत तबकड्या असतात. घरगुती कॉम्प्युटरमधल्या डिस्कमध्ये त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात. त्यांच्यावरून एक बारीक हेड फिरतं आणि चुंबकीय खुणा वाचतं. हे हेड तबकडीला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगतं. मधलं अंतर अवघं काही नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करा.

माहिती लिहिली जाते ती छोट्या छोट्या कप्प्यांमध्ये. या कप्प्याला सेक्टर म्हणतात. जुन्या डिस्कमध्ये एक सेक्टर ५१२ बाइटचा असायचा, नव्या डिस्कमध्ये तो ४,०९६ बाइटचा असतो. म्हणजे ४ एमबीचा एक फोटो साधारण हजारभर सेक्टरमध्ये पसरलेला असतो.

प्रत्येक सेक्टरमध्ये माहितीसोबत पडताळणीचा कोडही लिहिलेला असतो. वाचताना डिस्क या कोडशी माहिती ताडून बघते. थोडीफार चूक असेल तर डिस्क ती स्वतःच दुरुस्त करते. हे काम सतत चालू असतं, आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

चूक मोठी असेल तर डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून बघते. ७,२०० वेगाची तबकडी सेकंदाला १२० फेऱ्या मारते, म्हणजे काही सेकंदांत शेकडो प्रयत्न होतात. कॉम्प्युटर 'हँग' झाल्यासारखा वाटतो तो याच वेळात. एवढं करूनही जमलं नाही, तर डिस्क हात वर करते आणि मग विंडोज आपल्याला एरर दाखवतं.

याचा अर्थ, एरर दिसली तेव्हा डिस्कने आपल्या परीने सगळे प्रयत्न करून झालेले असतात. आणि हजार सेक्टरपैकी एक जरी वाचता आला नाही, तरी त्या फोटोची कॉपी तिथेच थांबते.

फॉरमॅट केल्यावर डिस्क 'बरी' कशी होते?

न वाचता आलेला सेक्टर डिस्क लगेच बाद करत नाही. तो 'पेंडिंग' म्हणजे प्रलंबित यादीत टाकते, कारण आतली माहिती पुढे कधीतरी वाचता येईल अशी शक्यता असते. त्या जागेवर नवीन काही लिहायची वेळ आली, की मग डिस्क निर्णय घेते. लिहिलेलं नीट टिकलं तर सेक्टर यादीतून बाहेर. नाही टिकलं तर तो सेक्टर कायमचा बाद आणि त्याच्या बदली राखीव जागेतला एक सेक्टर कामाला.

फुल फॉरमॅट नेमकं हेच करतं. सगळीकडे नव्याने लिहितं, त्यामुळे प्रलंबित यादी रिकामी होते आणि एरर थांबते. पण सेक्टर बरा झाला तो जुनी माहिती पुसून. पेशंट वाचला, पण आठवण गेली, असा हा प्रकार.

सेक्टर खराब का होतात?

एक नेहमीचं कारण म्हणजे धक्का. चालू लॅपटॉप दाणकन टेबलावर ठेवणं, चालू असलेली एक्स्टर्नल डिस्क पडणं. हेड तबकडीला घासलं, की तिथला पृष्ठभाग खरवडला जातो. त्यातून सुटलेले कण आत फिरत राहतात आणि नुकसान वाढत जातं.

दुसरं कारण आपल्याकडे फार ओळखीचं आहे, लाइट जाणं. डिस्क एखादा सेक्टर लिहीत असतानाच वीज गेली तर माहिती अर्धवट राहते आणि पडताळणीचा कोड जुळत नाही. अशा वेळी तबकडीला इजा झालेली नसते, पण सेक्टर वाचता येत नाही. म्हणून यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर पावसाळ्यात आणि लोडशेडिंगमध्ये असे प्रकार होऊ शकतात.

याशिवाय उष्णता, वय आणि कारखान्यातच राहिलेले दोष ही कारणं आहेतच.

पहिलं काम: कान लावा

काहीही करण्याआधी डिस्कचा आवाज ऐका. हलकी घरघर असेल तर ठीक. पण ठराविक लयीत 'टक-टक-टक' किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर कॉम्प्युटर बंद करा. हेड निकामी झाल्याची किंवा तबकडीला लागत असल्याची ही खूण असू शकते. अशी डिस्क जितका वेळ फिरेल, तितका आतला डेटा कायमचा जाण्याचा धोका वाढतो.

अशा वेळी कोणतंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही. डेटा महत्त्वाचा असेल तर ती डिस्क पुन्हा चालू न करता थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे न्यावी.

दुसरं काम: वायर बघा

आवाज नॉर्मल आहे? मग दोन मिनिटं वायरसाठी द्या. बऱ्याचदा डिस्क ठणठणीत असते आणि घोटाळा केबलमध्ये असतो.

डेस्कटॉप असेल तर कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, कॅबिनेट उघडा. डिस्कला जाणारी साटा केबल आणि पॉवरची केबल काढून पुन्हा घट्ट बसवा. जवळ दुसरी साटा केबल असेल तर ती लावून बघा.

एक्स्टर्नल डिस्क असेल तर केबल बदला, पोर्ट बदला, यूएसबी हब मधून काढा. पाकिटाएवढी छोटी एक्स्टर्नल डिस्क यूएसबीमधूनच वीज घेते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला कधी कधी पुरेशी वीज मिळत नाही, म्हणून डेस्कटॉपच्या मागचा पोर्ट वापरा. डिस्क सारखी डिस्कनेक्ट होऊन पुन्हा कनेक्ट होत असेल तर संशय आधी केबलवर घ्यायचा.

अजून एक सोपी परीक्षा. फक्त एकच फाइल उघडत नसेल, तर ती दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करून बघा. कॉपी विनाअडथळा झाली तर डिस्कने ती फाइल पूर्ण वाचली आहे, म्हणजे बहुतेक फाइलच आधीपासून बिघडलेली आहे. कॉपी अर्ध्यात अडकली किंवा एरर आली, तर मात्र तो रीड एरर आहे.

तिसरं काम: आधी कॉपी

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. डिस्क वाचता येत आहे तोवर, जे मिळेल ते बाहेर काढायचं. त्यासाठी काही नियम पाळा:

- कॉपी दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर करा. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर केलेली कॉपी काही कामाची नाही. सी आणि डी वेगळे दिसतात, पण बऱ्याच घरांत ते एकाच डिस्कचे दोन भाग असतात.
- कट-पेस्ट नको, कॉपी-पेस्टच करा. बिघडत्या डिस्कवर पुसणं-लिहिणं जितकं कमी, तितकं बरं.
- पुन्हा मिळणार नाही ते आधी घ्या. घराचे कागद, प्रमाणपत्रांचे स्कॅन, प्रोजेक्टच्या फाइल्स, मग कौटुंबिक फोटो, मग व्हिडिओ. सिनेमे आणि गेम्स परत डाउनलोड करता येतात, ते राहू द्या.
- सगळी डिस्क एकदम सिलेक्ट करू नका. एकेक फोल्डर घ्या. एखादी फाइल अडकली तर 'स्किप' करा आणि पुढे जा. त्या एका फाइलसाठी पंचवीस वेळा 'ट्राय अगेन' दाबत बसू नका.
- डिस्कवर नवीन काही इन्स्टॉल करू नका. रिकव्हरी सॉफ्टवेअर तर मुळीच नाही. ज्या जागेवर ते बसेल, तिथलीच जुनी फाइल तुम्हाला हवी असेल.

विंडोजच सुरू होत नसेल तर? दोन मार्ग आहेत. एक, डिस्क काढून साटा-टू-यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची. दुसरा, उबुंटूसारखी लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन, डिस्कवर इन्स्टॉल न करता, 'ट्राय' मोडमध्ये कॉम्प्युटर सुरू करायचा आणि फाइल्स बाहेर काढायच्या. डिस्कवर बिटलॉकर चालू असेल तर दोन्ही मार्गांत रिकव्हरी की लागेल. ती बऱ्याचदा मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये साठवलेली असते.

आणि डिस्क जोडताच विंडोजने 'फॉरमॅट करायचं का?' असं विचारलं, तर 'कॅन्सल' दाबा. अशा वेळी अनेकदा डिस्कवरची अनुक्रमणिका बिघडलेली असते, फाइल्स जागेवरच असतात.

थोडं तांत्रिक काम जमणाऱ्यांसाठी लिनक्समध्ये 'डीडीरेस्क्यू' नावाचं मोफत साधन आहे. ते आख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत बनवतं. त्याची पद्धत शहाणपणाची आहे. सहज वाचता येणारा भाग आधी उचलायचा, अडखळणारा भाग नंतरच्या फेरीसाठी ठेवायचा आणि कुठवर काम झालं त्याची नोंद ठेवायची. मध्येच लाइट गेली तरी काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही. मग पुढची सगळी खटपट त्या प्रतीवर करायची, मूळ डिस्कला हात लावायचा नाही. फक्त कुठून कुठे कॉपी करायचं ते दोनदा तपासा. दिशा उलटी झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उमटते.

चौथं काम: डिस्कचं प्रगतिपुस्तक बघा

डेटा बाहेर आला? आता निवांत तपासणी करा. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. या व्यवस्थेला 'स्मार्ट' म्हणतात. विंडोजवर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही नोंद दिसते. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, चार आकडे बघा:

- ०५: आतापर्यंत किती सेक्टर बाद करून बदलले.
- सी५: किती सेक्टर प्रलंबित आहेत, म्हणजे सध्या वाचता येत नाहीत.
- सी६: किती सेक्टर दुरुस्तीपलीकडे गेले.
- सी७: डिस्क आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या रस्त्यात किती चुका झाल्या.

पहिले तीन आकडे शून्य असतील आणि फक्त सी७ वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा. हा आकडा केबल बदलल्यावरही कमी होत नाही, तो फक्त वाढायचा थांबतो. म्हणून आजचा आकडा लिहून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा बघा.

सी५ आणि ०५ मात्र वाढत चालले असतील, तर डिस्कचे दिवस भरत आले समजा.

गुगलच्या संशोधकांनी २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तपासणीत पहिली स्कॅन एरर सापडल्यानंतर, पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता एरर नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट जास्त होती. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कमध्ये तापमान सोडलं तर स्मार्टने कोणतीच सूचना दिली नव्हती.

थोडक्यात, स्मार्टने धोक्याचा इशारा दिला तर विश्वास ठेवा. 'सगळं ठीक' म्हटलं तर निर्धास्त होऊ नका.

शेवटचं काम: रिपेअर

आता येते ती प्रसिद्ध 'चेकडिस्क'. ही कमांड दोन वेगळी कामं करते. ग्रंथालयाचं उदाहरण घ्या. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे, याची एक नोंदवही असते. नोंदवहीत घोळ झाला तर पुस्तक जागेवर असूनही सापडत नाही. आणि पुस्तकाचं पान फाटलं असेल तर नोंदवही कितीही नीट करा, पान जुळून येत नाही.

चेकडिस्कचा साधा प्रकार नोंदवही नीट करतो. दुसरा प्रकार, ज्यात 'आर' हा पर्याय असतो, तो आख्खी डिस्क सेक्टर-सेक्टर वाचून फाटकी पानं शोधतो.

धोका इथेच आहे. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तासन् तास वाचायला लावणं म्हणजे पाय मुरगळलेल्याला गड चढायला लावणं. शिवाय नोंदवही 'नीट' करताना, न जुळणाऱ्या नोंदी ही कमांड काढूनही टाकते. त्या फाइल्सचे तुकडे कधी 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये सापडतात, नावाशिवाय. डेटाची कॉपी हातात असेल तर या सगळ्याने काही बिघडत नाही. कॉपी नसेल तर मात्र हीच कमांड शेवटचा घाव ठरू शकते.

अचानक लाइट जाऊन एक-दोन सेक्टर बिघडले असतील, तर कॉपी झाल्यावर फुल फॉरमॅट करून डिस्क वापरता येते. पुढचे काही आठवडे आकडे वाढले नाहीत तर ती दुय्यम कामाला चालेल. सिनेमे ठेवा, एकमेव प्रत असलेले फोटो नको.

एसएसडी असेल तर?

एसएसडीमध्ये तबकडी नसते, हेड नसतं, त्यामुळे आवाजही नसतो. तिथे माहिती विद्युतभाराच्या रूपात साठवलेली असते. एसएसडी कधी कधी काहीच कुरकुर न करता अचानक दिसेनाशी होते. म्हणून तिथे पहिल्या एररलाच कॉपी करणं अधिक गरजेचं. शिवाय बहुतेक एसएसडींमध्ये पुसलेल्या फाइल्सची जागा 'ट्रिम' नावाच्या सोयीमुळे लवकर रिकामी केली जाते. हार्ड डिस्कवर डिलीट झालेली फाइल परत मिळण्याची जेवढी आशा असते, तेवढी इथे नसते.

हे उपाय करू नका

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला इंटरनेटवर अजूनही फिरतो. थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर, आणि आतही, दव जमतं. काही नॅनोमीटरच्या फटीत पाण्याचा थेंब काय करेल, ते सांगायला नको.

घरी स्क्रू काढून डिस्क उघडणंही तसंच. डोळ्याला न दिसणारा धुळीचा कणसुद्धा त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो. रिकव्हरीवाले हे काम धूळमुक्त खोलीत करतात.

रिकव्हरीला डिस्क देताना खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्या आणि डेटा मिळाला नाही तर किती पैसे लागतील ते विचारा. बिल नव्या डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट येऊ शकतं. वॉरंटी आहे म्हणून बिनधास्त राहू नका. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, फोटो नाही.

यातून कायमची सुटका कशी?

फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला एक नियम आहे, ३-२-१. महत्त्वाच्या माहितीच्या ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली १ घराबाहेर. घरच्या हिशेबात सांगायचं तर एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, एक एक्स्टर्नल डिस्कवर, एक क्लाउडवर किंवा गावाकडच्या घरी ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवर. सगळं शक्य नसेल तर निदान दुसरी प्रत तरी हवीच.

आणि ती एक्स्टर्नल डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवू नका. विजेचा झटका किंवा व्हायरस आला, तर दोन्ही एकदम जातील.

जगभरात ३१ मार्च हा 'बॅकअप डे' म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तोच आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस, म्हणजे लक्षात ठेवायला सोपा. पण डिस्क मार्चची वाट बघत नाही. ज्या फोल्डरची जगात एकच प्रत आहे, तो आठवत असेल तर त्याची दुसरी प्रत आजच काढा.